परक्याच्या अंगणातील झाड

शास्त्रपाठ : यिर्मया २९:४-७, लूक १६:१२, ईयोब १४:७-९



आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ कुटुंबे आज आपल्या गावच्या घरी राहत नाहीत. मुलांच्या शिक्षणासाठी, नोकरीसाठी किंवा मजुरीसाठी ती हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव अथवा औंढा नागनाथ येथे किरायाच्या घरात बिऱ्हाड करून आहेत. १ मे १९९९ रोजी आपला जिल्हा परभणीपासून वेगळा झाला, तेव्हापासून जिल्ह्याच्या कचेऱ्या हिंगोलीस आल्या आणि कामानिमित्त येणारी माणसेही आली. हिंगोलीस ही गोष्ट नवी नाही. निजामाच्या राज्यात कंटिंजंट फौजेची छावणी येथे होती, आणि १९०३ साली ती फौज मोडली तेव्हा छावणीही उठली. येणाऱ्याजाणाऱ्यांची पावले या गावाने फार दिवसांपासून पाहिली आहेत.

अशा बिऱ्हाडांस भेटी देण्याचा प्रसंग आम्हांस वारंवार येतो. आत जावे तो घर स्वच्छ असते. भांडी घासून मांडलेली, अंथरुणे घडी करून ठेविलेली, भिंतीवर मुलांचे वेळापत्रक. परंतु उंबऱ्याबाहेर एक पाऊल टाकिले की निराळेच दृश्य दिसते. फुटक्या कौलांचा ढीग, प्लास्टिकच्या पिशव्या, कंबरेइतके वाढलेले गाजर गवत, आणि न्हाणीचे पाणी वाट फुटेल तिकडे जाऊन साचलेले. विचारावे तर ठरलेले उत्तर मिळते, "घर काय आपलं आहे? आज आहोत, उद्या नाही." घरमालकास विचारावे तर तो म्हणतो, "राहतात ते. त्यांनी बघावं." ज्याचे घर तो तेथे राहत नाही आणि जो राहतो त्याचे ते घर नाही. या दोघांच्या मध्ये अंगण बेवारस पडते. आज आम्हांस या अंगणाविषयी बोलावयाचे आहे.

पहिल्याने शास्त्राकडे वळू या. नबुखद्नेस्सर राजाने यरुशलेमेहून धरून नेलेले लोक बाबेलात होते. तेथील घर त्यांचे नव्हते, जमीन त्यांची नव्हती, कानावर पडणारी भाषादेखील त्यांची नव्हती. इकडे यरुशलेमेत हनन्या नावाचा मनुष्य लोकांस सांगत होता की दोन वर्षांत सर्व काही परत येईल. हे बोलणे गोड होते. परंतु दोन वर्षेच काढावयाची असली तर झाड कोण लावील? मग यिर्मयाचे पत्र आले. त्यात सत्तर वर्षांची मुदत लिहिली होती. घरे बांधून राहावे, बागा लावून त्यांची फळे खावी, आणि ज्या नगरात जावे लागले त्या नगराचे कुशल इच्छून त्यासाठी प्रार्थना करावी, असा त्या पत्राचा आशय होता. ज्यांनी आपणांस बंदी करून आणिले त्यांच्याच मातीत बाग लावावयाची! आपला घरमालक तर आपला वैरी नाही. त्याने आपणांस छप्पर दिले आहे. मग त्याच्या मातीत चार रोपे लावण्यास आपण का कचरावे?

अब्राहामाचे उदाहरणही ध्यानात घ्या. बैर-शेबा येथे त्याने एक झाड लाविले, आणि त्याच ठिकाणी शास्त्र सांगते की तो पलिष्ट्यांच्या देशात पुष्कळ दिवस उपरा म्हणून राहिला (उत्पत्ती २१). त्या सर्व देशात त्याच्या मालकीची वीतभर भूमीही नव्हती. पुढे सारा मरण पावली तेव्हा तिला मूठमाती देण्यासाठी जागा त्याला चांदी मोजून विकत घ्यावी लागली. ज्याला कबरेपुरती जागा नव्हती, त्याने झाड लाविले. प्रेषित पौलही रोम येथे दोन वर्षे भाड्याच्या घरात राहिला, आणि जे कोणी त्याजकडे आले त्या सर्वांचे त्याने स्वागत केले (प्रेषितांची कृत्ये २८). घर भाड्याचे आहे म्हणून त्याने दार लाविले नाही व काम थांबविले नाही.

दुसरी गोष्ट आम्हांस सांगण्यास जड जाते. तथापि जो उपदेश आम्ही स्वतः मोडला तो दुसऱ्यांस करिताना मोडल्याचेही सांगितले पाहिजे.

काही वर्षांपूर्वी मुलांच्या शाळेसाठी आम्ही हिंगोलीच्या एका वस्तीत दोन खोल्या किरायाने घेतल्या. मागे चार खाटांइतके परस होते. त्यात विटांचे तुकडे, काचा आणि गवत यांवाचून काही नव्हते. आमच्या घरातून ते पंधरा दिवस खपून साफ करण्यात आले. मग सासुरवाडीहून आणिलेली शेवग्याची एक फांदी पावसाच्या तोंडी कोपऱ्यात रोविली. कडेने मिरची, वांगी आणि मेथी लाविली. शेवगा फोफावला. वर्ष पुरे होण्याच्या आत त्यास शेंगा आल्या. शेजारची एक वृद्ध बाई दर दोन-चार दिवसांनी सूप घेऊन पाल्यासाठी येई, आणि जाताना झाडास हात लावून जाई.

तिसऱ्या वर्षी घरमालकाने घर सोडावयास सांगितले. त्याच्या मुलाचे लग्न ठरले होते व त्यास खोल्या हव्या होत्या. त्याने दोन महिन्यांची मुदत दिली आणि अनामतही परत केली. त्याचे काही चुकले नव्हते. परंतु आमच्या मनात विष कालवले गेले. माती आम्ही सुधारली, पाणी आम्ही घातले, आणि शेंगा आता हा खाणार, हाच विचार अहोरात्र मनात घोळू लागला. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही कुऱ्हाड घेतली. शेवग्याचे लाकूड ते काय! चार घावांत झाड आडवे झाले. गुडघ्याइतके खोड तेवढे उभे राहिले.

सकाळी सामान टेम्पोत भरत असता ती वृद्ध बाई सूप घेऊन आली. आडव्या पडलेल्या झाडाकडे तिने पाहिले, मग आमच्याकडे पाहिले. "वाऱ्यानं पडलं का?" तिने विचारले. रात्री वारा नव्हता हे तिलाही ठाऊक होते. आम्ही उत्तर दिले नाही. तिने पडलेल्या फांद्यांचा पाला खुडून सूप भरले आणि ती निघून गेली. जाताना झाडास हात लावावा तर तेथे झाड नव्हते.

आता कोणी म्हणेल, झाड तुम्हीच लाविले होते, तुम्ही तोडले, यात चोरी ती कोणती? कायदाही असेच म्हणेल. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १०८ प्रमाणे, करार किंवा स्थानिक वहिवाट निराळी नसल्यास, भाडेकरूने जमिनीस जोडलेल्या वस्तू ताबा सोडण्यापूर्वी त्यास काढून नेता येतात. अट इतकीच की जागा जशी मिळाली तशी परत करावी. आमची जागा विटांची व गवताची मिळाली होती. झाड पाडून ती जवळजवळ तशीच परत केली! कोणत्याही न्यायाधीशापुढे आम्ही कदाचित निर्दोष ठरलो असतो. पण त्या बाईच्या सुपापुढे आम्ही निर्दोष ठरलो नाही, आणि ज्याने आम्हांस फुकट पाऊस दिला त्याच्यापुढेही नाही.

लूककृत शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायात प्रभु विचारतो की जे परक्याचे आहे त्यात जर तुम्ही विश्वासू ठरला नाही, तर जे तुमचे स्वतःचे ते तुम्हांस कोण देईल? आपण बहुधा याच्या उलट समजतो. स्वतःचे घर झाले म्हणजे बाग लावू, स्वतःची जागा झाली म्हणजे स्वच्छता ठेवू, असे म्हणतो. प्रभु म्हणतो, परीक्षा परक्याच्या वस्तूतच आहे. आणि खरे पाहता आपले स्वतःचे असे काय आहे? लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायात परमेश्वर इस्राएलास बजावतो की भूमी माझी आहे, तुम्ही माझ्याजवळ उपरे व पाहुणे आहा. ज्याच्या नावावर सातबारा आहे तोही त्या मोठ्या धन्याचा भाडेकरूच आहे. फरक एवढाच की त्याची मुदत कागदावर लिहिलेली नसते.

शिवाय, एकाने पेरावे व दुसऱ्याने कापावे ही रीत आपल्याविरुद्धच चालते असे नाही. ज्या चिंचेखाली आपण एस.टी.ची वाट पाहतो ती आपण लाविली नाही. ज्या आमराईतील कैऱ्या लहानपणी पाडून खाल्ल्या ती आपल्या बापानेही लाविली नसेल. दुसऱ्याने लाविलेले आपण जन्मभर खात आलो. आपण लाविलेले एक झाड दुसऱ्याने खाल्ले तर एवढा राग का यावा?

तिसऱ्याने, हातांनी काय करावे ते सांगतो. उपदेश अंगणापर्यंत पोहोचला नाही तर तो उंबऱ्यावरच वाळतो.

भाड्याचा करार बहुधा अकरा महिन्यांचा असतो. १९०८ च्या नोंदणी अधिनियमाप्रमाणे वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदविणे अवश्य असल्यामुळे ही चाल पडली. तथापि १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम जेथे लागू आहे, तेथे मुदत कितीही असो, करार लेखी व नोंदलेला असला पाहिजे, आणि ती जबाबदारी कलम ५५ ने घरमालकावर ठेविली आहे. यास्तव तोंडी बोलीवर राहू नये. त्याच करारात अंगणाविषयी दोन ओळी घालाव्या. काय लावावयाचे, पाणी कोठून घ्यावयाचे, आणि जाताना झाडे जागच्या जागी राहतील की कुंड्या नेता येतील, हे लिहावे. भाडेकरूने झाड लाविले की तो जागेवर हक्क सांगेल, अशी भीती कित्येक घरमालकांस वाटते. ही भीती आपणच आधी बोलून दूर करावी. झाड लाविल्याने जमीन आपली होत नाही.

"अकरा महिन्यांत काय पिकणार?" असे म्हणणाऱ्याने आपल्याच जिल्ह्याकडे पाहावे. वसमतच्या हळदीस २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ती हळद मे-जूनमध्ये लाविली तर आठ-नऊ महिन्यांत काढणीस येते, म्हणजे करार संपण्याच्या आधी! परसात दोन हात जागेत तिचे चार कंद लावून पाहा. मेथी व कोथिंबीर महिना-दीड महिन्यात हाती येतात. मिरची व वांगी रोप लाविल्यापासून दोन-तीन महिन्यांत फळ देऊ लागतात. शेवग्याची फांदी मृगाच्या पावसात रोविली तर पाला लवकरच मिळतो आणि वर्षभरात बहुधा शेंगही. जेथे माती खणण्यास परवानगी नाही तेथे फुटका माठ, जुना डबा किंवा सिमेंटची रिकामी गोणी घ्यावी, तळास भोके पाडावी, आणि निघताना ती बरोबर न्यावी.

झाड लावावे, परंतु घर मोडेल असे लावू नये. आपली काळी माती पाण्याने फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. भिंतीच्या पायथ्याशी रोज पाणी मुरले तर तीच माती हलून भिंतीस तडे जातात. म्हणून आळे भिंतीपासून चार-पाच हात दूर करावे, आणि मोठ्या झाडास त्याहून अधिक अंतर द्यावे. भिंतीच्या फटीत पिंपळ किंवा वड उगवला तर तो बोटभर असतानाच मुळासकट काढावा. हाताएवढा झाल्यावर तो भिंत घेऊनच निघतो. आधीपासून उभा असलेला आंबा, चिंच अथवा जांभूळ मात्र आपल्या मनाने तोडू नये. ग्रामीण भागात १९६४ चा व शहरांत १९७५ चा कायदा अशा तोडीस परवानगी मागतो.

न्हाणीचे व भांड्यांचे पाणी मोकळे सोडू नये. ते कर्दळीच्या, अळूच्या किंवा केळीच्या आळ्यात न्यावे, अथवा शोषखड्डा करावा. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात, हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णी या गावाने घरोघर शोषखड्डे करून गटारे व डास यांपासून सुटका करून घेतली. तेथील लोकांस जे साधले ते आपणांस न साधावे असे नाही. डेंग्यूचा डास साठविलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यांचे डास होतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस रांजण, टाक्या व कुंड्यांखालच्या थाळ्या रिकाम्या करून कोरड्या कराव्या.

गाजर गवताविषयी एक शब्द. हे गवत १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम आढळले आणि तेथून देशभर पसरले. त्याने अंगास खाज सुटते व कित्येकांस दमाही होतो. फूल येण्यापूर्वी, माती ओली असता, हातास पिशवी गुंडाळून ते मुळासकट उपटावे. फूल आल्यावर उपटणे म्हणजे बी पेरणेच होय. आळशी मनुष्याच्या मळ्यात काटे माजले व कुंपण ढासळले, ते पाहून नीतिसूत्रांचा कर्ता शहाणपण शिकला (अध्याय २४). आपल्या अंगणावरून येणाराजाणारा काय शिकतो, हे आपण पाहिले पाहिजे. पालापाचोळा जाळू नये. कोपऱ्यात हातभर खड्डा करून त्यात टाकीत गेल्यास काही महिन्यांत त्याचे खत होते.

आता घरमालकांस दोन शब्द. आपल्या मंडळ्यांतही असे बंधू आहेत की ज्यांच्या खोल्या किरायाने दिलेल्या आहेत. भाडेकरूने अंगण सुंदर केले म्हणून भाडे वाढवू नका. त्याने खपून सुधारलेल्या मातीबद्दल त्याजकडूनच अधिक पैसे घेणे हे मजुराची मजुरी दाबण्यासारखे आहे, आणि अशा दाबलेल्या मजुरीची ओरड कोठपर्यंत जाते ते याकोबाने लिहून ठेविले आहे. पीक उभे असता घर सोडावयाची वेळ आली तर ते पीक त्यास काढू द्या. मुदत ठरलेली नसून भाडेकरूचा दोष नसता भाडेपट्टा संपला, तर त्याने पेरलेले पीक त्यास नेऊ द्यावे, असे वर सांगितलेले कलम १०८ ही म्हणते. शक्य असेल तेथे पाण्याची एक तोटी परसाकडे काढून द्या. जेथे धनी पाणी देतो तेथे भाडेकरूचे मन लागते.

उपदेशक बंधूंस आमची विनंती आहे की मृगापूर्वीच्या एका आठवड्यात त्यांनी हा विषय घ्यावा, आणि नुसता सभेत न घेता सभा सुटल्यावर चार कुदळी घेऊन मंडळीतील एखाद्या विधवेच्या किंवा आजाऱ्याच्या किरायाच्या अंगणात जावे. जाण्यापूर्वी घरमालकास विचारावे. तो कोणत्या धर्माचा वा जातीचा आहे हे पाहू नये. यिर्मयाने ज्या नगरासाठी प्रार्थना करावयास सांगितले ते बाबेल होते हे विसरू नये.

आता त्या शेवग्याची गोष्ट पुरी करितो. पुढल्या पावसाळ्यात काही कामानिमित्त आम्हांस त्या वस्तीवरून जावे लागले. पाय त्या बोळात वळत नव्हते, तरी वळविले. परसाच्या कोपऱ्यात आम्ही ठेविलेल्या गुडघाभर खोडास तीन फांद्या फुटल्या होत्या व त्या कुंपणावर गेल्या होत्या. घरातील नवी सून पाला खुडीत होती. आम्हांस ती ओळखत नव्हती. "घ्या, लई आहे," असे म्हणून तिने एक जुडी आमच्या हाती दिली. आम्ही ती घेतली आणि बोळाच्या तोंडाशी बराच वेळ उभे राहिलो.

मग आम्ही परत फिरलो व घरमालकास भेटून झाड कोणी तोडले ते सांगितले. तो म्हणाला, "ठाऊक आहे. जाऊ द्या, फुटलं ना ते." शेजारच्या त्या वृद्ध बाईच्या दाराशीही गेलो. ती मुलाकडे दुसऱ्या गावी राहावयास गेली होती. तिची क्षमा मागावयाची राहिली ती राहिलीच. ईयोब म्हणतो त्याप्रमाणे तोडलेल्या झाडास आशा असते, पाण्याचा वास लागताच ते पुन्हा फुटते. झाड फुटले ही परमेश्वराची दया होय. आमची कुऱ्हाड त्यामुळे बरोबर ठरत नाही.

बंधुभगिनींनो, ज्या अंगणात आज तुम्ही आहा ते सोडावयाचा दिवस येईल. त्या दिवशी कुंड्या न्या, कुदळ न्या, बी-बियाणे न्या. परंतु जे मातीत रुजले ते मागे ठेवा. अंगण झाडून काढा, आळ्यांत शेवटचे पाणी घाला, आणि नवा बिऱ्हाडकरू येत असेल तर कोणत्या झाडास किती पाणी लागते ते त्यास सांगून मग दार ओढून घ्या.

हे आमच्या देवा, भूमी तुझी आहे आणि आम्ही तुझ्या घरचे भाडेकरू आहो. परक्याच्या अंगणात विश्वासू राहण्यास आमच्या हातांस बळ दे, आणि रागाच्या संध्याकाळी आमच्या हातातील कुऱ्हाड खाली ठेवीव. आमेन.